साक्षीदार सातासमुद्रापलीकडचा

ती घटना आठवायला मला आजही निमित्त लागत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, गंगेतून काढलेली प्रेतं तर विचारूच नका. त्यातलं बरंचसं आता पुसट झालं आहे. पण ज्या प्रकरणात कुणाच्या अंगावर साधा ओरखडाही उठला नव्हता, ते मात्र जसंच्या तसं डोळ्यांसमोर उभं राहतं. नावं कुणाचीच सांगणार नाही. माणसं आपल्यातली होती आणि त्यांची अब्रू अजून आहे.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. काशीत घाटाकडच्या एका ठाण्याचा मी प्रमुख होतो. आमचं घराणं कैक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि भांडायचं असेल तर दोन्ही. आजोबा पंचांग सांगायचे, वडील शाळेत शिकवायचे, आणि मी पोलिसात गेलो तेव्हा आईनं जेवण सोडलं होतं. ठाण्यात सगळे मला ‘पंडितजी’ म्हणत, तोंडावर आदरानं आणि पाठीमागे थट्टेनं. मला दोन्ही ऐकू यायचं.

माघातला रविवार होता. कुणी बडे पाहुणे गंगास्नानाला येणार म्हणून सकाळपासून मी बंदोबस्तावर उभा होतो. पायाचे तुकडे पडायची वेळ आली होती, आणि नेमकी तेव्हाच वायरलेसवर हाक आली. अमेरिकेतून एका माणसानं थेट बड्या साहेबांच्या बंगल्यावर फोन केला होता. राजा घाटामागच्या गल्लीत त्याची म्हातारी आई एकटी राहते, तिच्यावर हल्ला झाला आहे, आणि हल्ला करणारा अजून घरातच आहे.

“अमेरिकेतून त्याला कसं कळलं?” मी वायरलेसवरच विचारलं.

“सर, कह रहा है, अपनी आँख से देखा.”

मी कपाळाला हात लावला. माणूस अमेरिकेत, आई काशीत, आणि म्हणे डोळ्यांनी पाहिलं! पण हुकूम वरून आलेला. मी माझ्या दरोगाला, म्हणजे सब-इन्स्पेक्टरला, दोन शिपाई देऊन ताबडतोब पाठवलं आणि बजावलं, की घरातल्या कुठल्याही वस्तूला हात लावायचा नाही, मी येईपर्यंत सगळं होतं तसं राहिलं पाहिजे. पोरगा हुशार होता, मेरठकडचा, नुकताच बदलून आलेला. त्याचा एकच दोष. कुणी बोलायला लागलं, की पुढचं वाक्य तो आपल्या मनानं पूर्ण करायचा.

पाहुण्यांची मोटार पुलापलीकडे गेली तसा मी ठाण्यावर आलो. दरोगा दारातच उभा होता, चेहरा असा की केस सुटलीच.

“सर, आदमी मौके पर पकड़ा गया. और मालूम है क्या कर रहा था? रसोई में बैठ के हलवा खा रहा था!”

त्याच्याकडून जी हकीकत कळली ती अशी. बाईंचा नवरा रेल्वेत होता, तो वारून बरीच वर्षं झाली. मुलगा एकुलता एक, शिकायला म्हणून अमेरिकेत गेला आणि तिकडेच राहिला. गेल्या उन्हाळ्यात येऊन त्यानं आईच्या खोलीत कॉम्प्युटर बसवून दिला, त्यावर डोळ्याएवढा एक कॅमेरा. कॉम्प्युटर टेलिफोनच्या तारेला जोडलेला. दर रविवारी सकाळी, तिकडे शनिवारची संध्याकाळ असायची, मायलेक एकमेकांना पडद्यावर बघायचे. बोलणं धड ऐकू येत नसे, चित्रही हलतं नसायचं. थांबून थांबून एक-एक फोटो बदलावा, तसं यायचं. बाईंना मशीन लावता येत नव्हतं, म्हणून गोदौलियाच्या एका दुकानातला मेकॅनिक दर रविवारी यायचा. पस्तिशी ओलांडलेला, अंगानं किरकोळ, जाड काचांचा चष्मा. पकडलेला माणूस तोच.

“बाईंना लागलंय कुठे?” मी विचारलं.

“नहीं सर. लेकिन रोए जा रही हैं. पूजा की कोठरी से बाहर ही नहीं आतीं.” मग त्यानं आवाज खाली आणला. “सर, मामला मकान का है. माताजी ने खुद कबूला.”

त्यानं बयान पुढे केलं. बाई दाराआडून हिंदीत दोनच गोष्टी बोलल्या होत्या आणि दरोगानं त्या लिहून घेतल्या होत्या. पहिली, ‘हमसे पाप हो गया, अपने लड़के का हिस्सा दूसरे को दे दिया.’ दुसरी मशीनबद्दल होती. मशीन चालू होतं का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या होत्या, ‘मशीन तो हमने बढ़ा दिया था.’

“मतलब आवाज़ बढ़ा दी,” दरोगा म्हणाला. “उनसे बढ़वाई गई, ताकि चिल्लाने की आवाज़ बाहर न जाए.”

खरं सांगतो, मलाही ते पटण्यासारखं वाटलं. एकट्या म्हाताऱ्या बाईला गोडीगुलाबीनं किंवा धाक घालून घर लिहून घ्यायचं, असली प्रकरणं त्या काळात आमच्याकडे सारखी यायची. आधी दूध आणून द्यायचं, मग औषध, मग बँकेत सोबत जायचं, आणि एक दिवस कोऱ्या कागदावर अंगठा. घाटावरच्या घरांना भाव आला होता आणि मुलं परदेशात होती.

मी त्या मेकॅनिकला समोर बसवलं. माझा आवाज चढला की ठाण्यातली मांजरंसुद्धा बाहेर जायची, अशी माझी ख्याती. पण हा गडी तोंडात मिठाची गुळणी धरून बसला. कपाळावर लाल ओघळ पुसल्याची खूण होती, कॉलरमध्ये तांदळाचे लाल दाणे. काशीत निम्मं गाव टिळा लावून फिरतं, त्यामुळे त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं.

“घर के कागज़ कहाँ हैं?” मी विचारलं.

“कौन से कागज़, साहब?”

“माताजी को हाथ लगाया था?”

त्यानं चष्मा सारखा केला. मग म्हणाला, “पाँव छुए थे.”

“क्यों?”

“साहब, माताजी से पूछ लीजिए. वो कह दें तो मैं सब कह दूँगा. गंगामाई की कसम दिलाई है उन्होंने.”

माझं डोकं फिरलं. शपथ खरी मानून स्वतः तुरुंगात जायला निघालेला गुन्हेगार मी तोवर पाहिला नव्हता. आणि जो खरा लबाड असतो तो पहिल्या प्रश्नाला पाच उत्तरं देतो, हा माझा अनुभव. हा तर एकही देत नव्हता. काहीतरी जमत नव्हतं.

तेवढ्यात मुन्शीनं हाक मारली. अमेरिकेतून फोन होता, थेट ठाण्यावर. मुलानं कुठून तरी आमचा नंबर मिळवला होता.

“तुमचा एक शिपाई आईच्या खुर्चीवर बसून चहा पितोय!” तो ओरडला. “मला दिसतंय इथे! आई कुठे आहे?”

मी मराठीतून बोलायला लागलो तसा तो क्षणभर अडखळला, आणि मग बांध फुटल्यासारखा बोलत सुटला. घरचा फोन सकाळपासून एंगेज होता. लागणार कसा? त्या एकाच तारेवर मशीन बसलेलं. आईवर ज्यातून नजर ठेवायची, त्यानंच आईचा आवाज अडवून धरला होता, आणि हा तिकडे वेडापिसा झाला होता.

“आई देवघरात आहे. सुखरूप आहे,” मी म्हटलं. “आता काय झालं ते सांगा.”

“त्यानं आईवर हात टाकला. आईनं प्रतिकार केला, त्याचं डोकं फोडलं, रक्त आलं त्याला. मग त्यानं आग दाखवून तिला धमकावलं. ती डोकं धरून रडत होती. मग त्यानं पाय धरून तिला ओढत नेलं. तिथून पुढे खुर्ची रिकामी.”

मी लिहून घेतलं. मग एक गोष्ट खटकली. डोकं फुटलं म्हणतो, आणि माझ्यासमोर बसलेल्या माणसाच्या डोक्याला खरचटलेलंही नाही. साक्षीदार खोटं बोलत नव्हता, त्याच्या आवाजावरून ते कळत होतं. पण साक्षीदाराची एक खोड असते, तो पाहिलेलं सांगत नाही, समजलेलं सांगतो. दोन्ही एकच आहे, असं त्याला प्रामाणिकपणे वाटत असतं.

“असं करा,” मी म्हटलं, “हात टाकला, ओढलं, धमकावलं, हे शब्दच सोडा. भिंतीवर टांगलेले फोटो आंधळ्याला सांगताय असं समजा. एकेका फोटोत काय होतं तेवढंच सांगा.”

तो चिडला. त्याच्या आईचा जीव जातोय आणि मी फोटो विचारतोय! पण मी सोडलं नाही. शेवटी त्यानं सांगितलं. एका चित्रात तो माणूस खाली बसलेला, नुसतं डोकं दिसत होतं. पुढच्यात आईचा हात त्याच्या कपाळाला. मग त्याच्या कपाळावर लाल. मग एकदम पांढरा झोत, ज्वाळेसारखा. मग आईचे दोन्ही हात स्वतःच्या कानशिलांवर. मग तो माणूस आईच्या पायाशी वाकलेला. मग काही नाही.

“आवाज?”

“आवाज येतच नाही धड. मी टाइप करत होतो, आई, आई, काय चाललंय. पण तिकडे कुणी बघतच नव्हतं.”

फोन ठेवला तेव्हा माझ्या डोक्यात कुठेतरी हललं होतं, पण काय ते मला सांगता आलं नसतं. मी टोपी उचलली आणि चालत राजा घाटाकडे निघालो. म्हाताऱ्या बाईला ठाण्यात बोलवायचं नसतं, कायदाही तेच सांगतो आणि घरचं वळणही.

खाली साड्यांचं गोदाम, वरती बाईंच्या दोन खोल्या. लख्ख, नीटनेटक्या. शिपायाला आधी खुर्चीवरून उठवला. मशीन कोपऱ्यात, त्याच्यावर विणकामाचा रुमाल, वर तो कॅमेरा. टीव्हीसारखा डबा काळा दिसत होता, पण खालच्या खोक्यातला हिरवा दिवा लुकलुकत होता. मी खोलीवरून नजर फिरवली. भिंतीला एक पाट उभा करून ठेवलेला. खुर्चीपुढच्या फरशीवर रांगोळी पुसल्याचा पांढरट डाग. देवघराचं दार लोटलेलं.

“काकू,” मी बाहेरूनच म्हटलं, “जरा दार उघडता का?”

आत हुंदका थांबला. “तुम्ही आपल्यातले?”

“हो. दुर्गाघाटाकडचे.”

“कुणाचे तुम्ही?”

मी आजोबांचं नाव सांगितलं. कडी निघाली. उंबऱ्याशी नऊवारीतल्या बारीक चणीच्या बाई उभ्या होत्या, डोळे सुजलेले. त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं आणि म्हणाल्या, “पंचांगवाल्यांचा नातू पोलिसात? बरं बरं. बसा.”

रडतानाही माणसाचं चौकशीचं अंग सुटत नाही, मला हसू आलं. मी खाली सतरंजीवर बसलो. वर्दीतला माणूस खुर्चीवर बसला की म्हातारी माणसं उभी राहतात, आणि उभं राहिलेलं माणूस खरं बोलत नाही.

“काकू, मशीन मोठं का केलंत?”

“मोठं?” त्यांना कळेना. “मोठं कशाला करू? मी तर वाढवलं.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय! वाढवलं. तो मेला उजेड नुसता डोळ्यांत जात होता. बटण दाबलं आणि वाढवलं.”

वाढवलं! अहो, माझी आई दिवा कधी विझवत नसे, ती दिवा वाढवायची. बांगडी फुटली की ती वाढली. घरात जे शुभ आहे त्याला ‘विझलं’, ‘फुटलं’, ‘बंद’ म्हणायचं नाही. बाईंनी मुलानं दिलेल्या मशीनलाही तोच मान दिला होता. आणि हिंदीत सांगताना ‘बढ़ा दिया’ म्हणून मोकळ्या झाल्या. माझ्या दरोगानं मग आवाज वाढवला, किंकाळ्या दाबल्या, सगळं स्वतःच रचलं.

तेव्हा मला पाट नीट दिसला. रांगोळी दिसली. पकडलेल्या माणसाच्या कॉलरमधल्या अक्षता आठवल्या. मी हळूच विचारलं, “काकू, आज कुणाला ओवाळलंत?”

त्यांनी पदर तोंडाला लावला.

“आज त्याचा वाढदिवस,” त्या म्हणाल्या. “तिथीनं. त्याला तारीख माहीत, मला तिथी. तिकडे गेल्यापासून त्याला ओवाळलं नाही मी. म्हटलं, आता हे आलंय घरात, तो समोर दिसतो, तर ह्यालाच ओवाळू. मशीनपुढे पाट मांडला, रांगोळी घातली, शिरा केला. निरांजन लावलं. आणि तो आलाच नाही. तो चष्मेवाला म्हणतो, माताजी, उधरसे कोई नहीं है. वाट बघितली, बघितली, शेवटी मशीन वाढवलं. फुलवात अर्धी झाली. लावलेला दिवा तसाच माघारी कसा नेणार? मग त्यालाच म्हटलं, बस बाबा पाटावर. बिचारा बसला. मी कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं, कानशिलावर बोटं मोडली. तो पाया पडला. त्याला शिरा वाढला. आणि मग एकदम अंगावर काटा आला.”

“का?”

“औक्षण आहे ते! आयुष्य मागायचं असतं. त्याच्या तिथीला, त्याच्या नावानं लावलेला दिवा, आणि मी ओवाळला दुसऱ्याला! माझ्या मुलाच्या आयुष्यातला वाटा मी माझ्या हातानं दुसऱ्याला दिला. त्या चष्मेवाल्याला शपथ घातली, की कुणाला बोलू नकोस, माझ्या मुलाला तर मुळीच नाही. तेवढ्यात तुमचे लोक आले. मला वाटलं, लगेच शिक्षा मिळाली.”

लड़के का हिस्सा! घर नव्हे, कागद नव्हे. ह्या बाईनं सकाळपासून अन्नाचा कण घेतला नव्हता आणि देवापुढे बसून मुलाचं आयुष्य परत मागत होती. तिकडे त्या शपथेपायी एक माणूस हवालातीत. मी शिपायाला ठाण्यावर पिटाळलं, की मेकॅनिकला आत्ताच्या आत्ता सोडा, आणि दरोगाला म्हणावं बयान फाडू नकोस, पण पुढे एक अक्षर लिहू नकोस.

मग मी बाईंना सांगितलं. मला वाटलं, ह्यासारखी आनंदाची बातमी ह्यांना दुसरी नसेल.

“काकू, रडू नका. तुम्ही नुसता पडदा वाढवला होता. मशीन चालूच होतं. तुमचा मुलगा उशिरा आला, पण आला. तुम्ही ओवाळत होतात तेव्हा तो समोर होता. त्यानं सगळं बघितलं.”

“तेव्हा? दिवा फिरवत होते तेव्हा?”

“तेव्हाच.”

काय सांगू, त्या बाईंचा चेहरा! उठल्या, मशीनपाशी गेल्या, रुमाल सारखा केला, त्या कॅमेऱ्याला हात जोडले. “म्हणजे त्याच्यासमोरच झालं की! त्यालाच पोचलं! अहो, मग पाप कसलं?” डोळ्यांतून पाणी आणि तोंडावर हसू. मीही हसलो. प्रकरण मिटलं, असं मला वाटलं.

मग त्या थांबल्या. वळून म्हणाल्या, “पण मग पोलीस कशाला धाडले त्यानं?”

“त्याला वाटलं, तुम्हाला कुणी मारतंय.”

“दिवा दिसला ना त्याला?”

“दिसला. आग म्हणाला.”

“आणि कुंकू?”

मला सांगायचं नव्हतं. पण त्यांची नजर माझ्यावरून हलेना. “रक्त म्हणाला.”

“मी बोटं मोडली ती?”

“डोकं धरून रडताय म्हणाला.”

बाई खुर्चीवर बसल्या. गल्लीतून कुणी सायकलची घंटी वाजवत गेलं. त्या पाटाकडे बघत होत्या.

“ह्याच पाटावर बसायचा,” त्या म्हणाल्या. “दर वर्षी. अक्षता डोळ्यांत गेल्या की ओरडायचा. मोठा झाला, मिशी फुटली, तरी बसायचा. त्याला ओळखू कसं नाही आलं हो?”

तिथी त्याला माहीत नव्हती, चित्र तुटक होतं, आवाज नव्हता, असं काहीबाही मी बोललो असेन. त्यांनी मान हलवली. मग अगदी व्यवहारी आवाजात म्हणाल्या, “त्याला सांगू नका हं. ओळखता आलं नाही म्हणून जिवाला लावून घेईल. लहानपणापासून मनाचा हळवा आहे.”

मी उठून भिंतीचा स्विच बंद केला, खोक्यातला हिरवा दिवा गेला, आणि दुसऱ्या क्षणाला टेलिफोन वाजला. तो पोरगा सकाळपासून नंबर फिरवतच होता. बाईंनी डोळे पुसले, घसा साफ केला आणि रिसीव्हर उचलला. त्याचा आवाज इतका मोठा होता की मला दारापर्यंत ऐकू येत होतं.

“अरे, मला काय धाड भरलीये?” बाई हसून म्हणाल्या. “पाय घसरला जरा. त्या बिचाऱ्यानं उचललं मला, आणि तुम्ही त्यालाच धरलंत! असं करतात का? त्याच्या कपाळाला काही झालं नाही रे, टिळा होता तो.”

“आणि ती आग?”

“देवाचा दिवा. आज तिथी चांगली आहे ना.”

“कसली तिथी?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. “असते रे काहीतरी. तुला काय त्याचं.”

दारात चाहूल लागली. मेकॅनिक आला होता, त्याचं हत्यारांचं बोचकं राहिलं होतं ते न्यायला. चपला काढून उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. मला बघून अजून घाबरत होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, माझ्या खात्यात माफी मागायची तेवढीच पद्धत आहे.

तिकडे मुलाचा जीव भांड्यात पडला होता. तो भरभर बोलत होता. “आई, मी ठरवलंय. आता त्या माणसानं दर रविवारी यायची गरजच नाही. मी मशीनमध्ये असं करून ठेवतो, की ठरल्या वेळी ते आपलं आपण लागेल. तू बटणही दाबू नकोस. नुसतं समोर येऊन बसायचं. घरात परका माणूस नको आणि डोक्याला ताप नको. चांगलं ना?”

बाईंनी दाराकडे पाहिलं. तो चष्मेवाला मराठीतलं काही न कळून त्यांच्याकडे बघून हसला.

“बरं,” त्या म्हणाल्या.

फोन ठेवून त्या स्वयंपाकघरात गेल्या. सकाळी अर्धवट टाकलेली शिऱ्याची ताटली त्यांनी झाकून ठेवली होती. शिरा पुन्हा गरम केला, वर तुपाची धार सोडली आणि त्याच्यापुढे आणून ठेवला. “खा. पूरा खतम करो,” म्हणाल्या. मलाही वाढला. मी वर्दीत असताना कुणाच्या घरचं खात नसे. त्या दिवशी खाल्लं.

रोजनाम्यात मी ‘गैरसमजातून तक्रार, कारवाई नाही’ असं लिहून प्रकरण मिटवलं. दरोगाला ‘वाढवणे’ ह्या शब्दावर एक तासभर ऐकवलं, ते तो पुढे बरीच वर्षं दुसऱ्यांना ऐकवत असे. माझ्यापुरतं सांगायचं तर त्यानंतर कुठल्याही साक्षीदाराला मी आधी फोटो विचारत आलो आणि अर्थ नंतर. अनेक निरपराध माणसं त्यामुळे सुटली. हा झाला पोलिसाचा धडा.

दुसरा धडा खात्याच्या कामाचा नाही. आता मी निवृत्त आहे, बायको राहिली नाही, आणि मुलगी परदेशात असते. गेल्या वर्षी येऊन तिनं बाहेरच्या खोलीत कॅमेरा बसवला, एक जिन्यात बसवला. तिकडे बसून ती मोबाइलवर बघते, मी उठलो का, औषध घेतलं का, दाराशी कोण आलं. यंत्र आता आवाजही पोचवतं, चित्रही हलतं, अगदी समोर असल्यासारखं. मध्यंतरी मी तिच्या आईच्या श्राद्धाला पानं मांडली, तर लगेच फोन, “बाबा, आज जेवायला कोण येणार आहे?” मी म्हटलं, “असंच, ओळखीचे.” गेल्या वर्षी परत जाताना तिनं विचारलं होतं, “स्वयंपाकघरातही एक बसवू का, तेवढीच काळजी मिटेल.” पोरीच्या डोळ्यांत खरंच काळजी होती. गुन्हेगारांपुढे जन्मभर ‘नाही’ म्हणत आलेला माणूस मी. आणि तिला काय म्हणालो असेन? त्या बाई म्हणाल्या तेच.

“बरं.”